हळदीच्या गाण्यातली अकोल्याची बाई

फ्लेक्सच्या दुकानातल्या माणसाने फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, जरा वेळ पाहिला आणि मला विचारलं, "मावशी, हे तुमचे मोठे चिरंजीव काय?"

मी "हो" म्हणाले.

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, मी उन्हातून आले होते, आणि "नाही हो, हा माझा नवरा" असं त्या सगळ्यांसमोर म्हणायची मला लाज वाटली. मुलीच्या लग्नाचा बोर्ड करायला मी वाशिमला गेले होते. पुढे त्या माणसाने विचारलं, "खाली काय टाकू?" तेव्हा मला सांगावंच लागलं, की फोटोखाली 'कैलासवासी' टाका आणि त्याच्या खाली 'वधूपिता' टाका. त्याने एकदा वधूपित्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बोर्ड तयार होईपर्यंत मान वर केली नाही. बिचाऱ्याने फोटोभोवती फुलांची चौकट मात्र न मागता टाकून दिली.

माझा नवरा चौतिसाव्या वर्षी गेला. मी आता पन्नाशीला आले आहे. केस पिकलेत, अंगणवाडीतल्या पोरांच्या मागे धावून गुडघे गेलेत, बाजूचा एक दात पडलाय. फोटोतला तो काळ्याभोर मिशीचा, गळ्यात चंदेरी मफलर घालून, हातात माईक धरून हसतोय. कुणाचीही चूक होईल. मोबाईलवर असे व्हिडिओ फिरत असतात, तिशीत गेलेल्या मोठमोठ्या गायक-वादकांचे, मागे रडकं संगीत आणि खाली 'कलाकार कधी मरत नाही' असं काहीतरी. आमच्याकडच्या कुणा हौशी माणसाने अशाच एका व्हिडिओच्या शेवटी माझ्या नवऱ्याचाही फोटो चिकटवून दिलाय. तो पाहिला की मला त्या सगळ्यांच्या बायकांचा विचार येतो. 'ते कायम तरुणच राहिले' असं लोक कौतुकाने म्हणतात. राहणारच. त्यांच्या वाटचं म्हातारपण घरी दुसरं कुणीतरी काढत असतं.

तो किती मोठा गायक होता, तेही सांगते. टीव्हीवर कधी आला नाही. मुंबई-पुण्याला त्याचं नाव कुणाला माहीत नाही. पण आमच्या जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत ज्याचं लग्न झालं, त्याने हळदीच्या दिवशी त्याचा आवाज ऐकलेला आहे. कारंज्याच्या व्यापाऱ्याचं लग्न असो नाहीतर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं, हळद कालवली की ते गाणं लागतंच. त्याचे शब्द मी इथे लिहीत नाही. आमच्याकडच्यांना ते पाठ आहेत, आणि बाकीच्यांना नुसत्या शब्दांत काही सापडायचं नाही. आधी ते कॅसेटमध्ये होतं, मग सीडीत, मग मेमरी कार्डात, आणि आता मोबाईलमध्ये आहे. गाणं तेच आहे.

सुरुवातीला मला त्याच्या गाण्याची लाज वाटायची. अनसिंगजवळच्या गावात सासरची चांगली शेती, सोयाबीन, तूर, हळद. थोरले दीर शेतात राबायचे आणि हा लाल कोट घालून बँडच्या गाडीवर उभा राहून लोकांच्या वरातीत गायचा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नेमका तोच बँड आला. वरात दारावरून गेली तेव्हा मी माहेरच्या घरात धान्याच्या कोठीआड जाऊन बसले होते. मग ते हळदीचं गाणं आलं आणि तोच लाल कोट लोकांना भारी वाटायला लागला. मलाही वाटायला लागला. ती लाज तिथे संपली, पण तिच्या जागी दुसरी आली.

ते गाणं अकोल्याला एका लहानशा स्टुडिओत रेकॉर्ड झालं. ध्रुपदाला मागे तीन बायांचे आवाज हवे होते. भजनातल्या तीन बाया ठरवल्या होत्या, त्यातली एक ऐनवेळी आलीच नाही. मी त्या दिवशी दवाखान्यात दाखवायला म्हणून त्याच्यासोबत गेले होते. लग्नाला तीन वर्षं होऊनही मूल नव्हतं. तो म्हणाला, "तू उभी राय." मी आपली निंदणाच्या वेळी शेतात बायांसोबत गाणारी, माईक मी तोवर फक्त त्याच्याच हातात पाहिला होता. ध्रुपदाच्या शेवटी तिघींनी एकदम थांबायचं होतं. त्या दोघी थांबल्या. मला कधी थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, म्हणून मी तो शेवटचा सूर दम संपेपर्यंत ओढत राहिले. काचेपलीकडचा माणूस हात हलवत होता. मला वाटलं, आणखी गा म्हणतोय.

नवऱ्याने ते तसंच ठेवलं. पुढे तो ओढलेला सूरच त्या गाण्याची खूण झाला. आजही मांडवात पोरी त्या जागी पैज लावून सूर ओढतात आणि कुणाचा दम टिकतो ते पाहतात. चूक माझी आणि नाव तुमचं, असं मी त्याला ऐकवायची. त्यावर तो नुसता हसायचा.

घरी मात्र सांगायची सोय नव्हती. सासरे माळकरी आणि कडक. पोरगा बँडमध्ये गातो हेच त्यांनी कसंबसं गिळलं होतं. घरातली सून अकोल्याला जाऊन परक्या माणसांत गायली हे कळलं असतं, तर त्यांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नसतं. म्हणून नवऱ्याने घरात आणि गावात सांगून टाकलं, की ध्रुपदाला आवाज आहे तो अकोल्याच्या एका बाईचा. आणि मग त्याला चेवच चढायचा. सासरे ओसरीवर बसलेले असले की मुद्दाम आत तोंड करून ओरडायचा, "अकोलावाली, च्या आन वं!" मी रागाने त्याच्या चहात साखर टाकायची नाही. तो तसाच पिऊन घ्यायचा.

तो गेला काविळीने. लग्नसराई भरात होती, सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. आमच्याकडे चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणारे असतात, तेही करून झालं. पाणी पिवळं झालं, घरादाराला वाटलं उतरली, आणि हा लगेच पुढच्या गावच्या हळदीला गायला गेला. त्यानंतरचं मी लिहीत नाही. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. गावातल्या बाया बोलल्या, की हळदीचं गाणं म्हणणारा पिवळा पडून गेला, म्हणजे त्या गाण्यातच काहीतरी असेल. मला वाटलं, आता कुणी ते लावणार नाही. पण पुढच्या सराईत ते दुप्पट वाजलं. लोकांना गाणं आवडत होतं आणि नवरा त्यांचा गेला नव्हता.

खरी लाज इथून सुरू होते. विधवा बाई हळदीला पुढे येत नाही. पाच सवाष्णी हळद लावतात, आणि मागच्या बाजूला कामं भरपूर असतात. मला कुणी ऊठ म्हणायच्या आत मीच उठते आणि स्वयंपाकाकडे जाऊन लसूण सोलायला बसते. इतकी वर्षं मी त्याला स्वाभिमान समजत होते. मी लसूण सोलत असते, मांडवात गाणं लागतं, ध्रुपद येतं, आणि माझाच आवाज, बाविशीतला, खणखणीत, नवरीला हळद लागताना गात असतो. कुणाला कळलं तर काय होईल, याची मला फार भीती वाटायची. विधवेचा आवाज हळदीत म्हणून लोकांनी ते गाणंच सोडलं असतं, आणि त्याचं म्हणून एवढं एकच उरलं होतं. म्हणून मी गप्प बसले. नुसती गप्प बसले नाही, गाणंच सोडलं. शेतात नाही, देवळात नाही. अंगणवाडीतली बडबडगीतंसुद्धा मी मदतनीस बाईला म्हणायला लावते, न जाणो कुणी आवाज ओळखला तर. दर लग्नात मला चोरून मांडवात शिरल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या चोरीत मला आनंदही व्हायचा, आणि मग त्या आनंदाचीही लाज वाटायची.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने साड्या मागितल्या नाहीत, फोटोवाला अमुकच हवा असा हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "आई, हयदीले बाबाचं गानं लावजो. अन् पयली हयद तूच लावजो."

तिला बाप आठवत नाही. तिचा बाप म्हणजे ते गाणंच. तिने ते इतकं ऐकलंय, की तो मध्ये कुठे श्वास घेतो तेही तिला माहीत आहे. भाजी निवडता निवडता ती त्या जागी स्वतःही श्वास घेते, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मी तिला म्हणाले, "तुह्या मोठीआईले नाही चालत."

मोठीआई म्हणजे माझी थोरली जाऊ. तिने असं काहीही म्हटलेलं नव्हतं. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. पण जाऊ तोंडाने फटकळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, रीतभात काटेकोर पाळणारी. तिच्या नावावर असलं काहीही खपून जातं. पोरगी म्हणाली, "जिल्ह्यातल्या साऱ्या पोरींले चालते, अन् मलेच नाही चालत?" मी म्हणाले, "घरात मोठ्यांचं आयका लागते." किती सहज बोलून गेले मी.

खरं कारण हे, की दुसऱ्यांच्या मांडवात मी भिंतीआड असते. इथे माझ्याच मुलीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, त्याच्या त्या जवान आवाजाशेजारी हे पिकलं तोंड घेऊन मला बसायचं नव्हतं. आणि भीतीही होती. विधवा आईचा हात लागला, आवाज लागला, आणि उद्या पोरीच्या संसारात काही वाईट झालं तर? अंगणवाडीच्या महिन्याच्या बैठकीत मी बायांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, हे सगळं थोतांड आहे म्हणते. आतून मी तेच मानत होते. ते कबूल करण्यापेक्षा जावेच्या डोक्यावर फोडणं सोपं होतं.

हळदीचा दिवस आला. हळद घरच्याच शेतातली, दीरांनी उकळून, वाळवून, गिरणीतून दळून आणलेली. दुपारी मांडवात मुलीला पाटावर बसवलं. फाटकाला तो बोर्ड लावला होता, आणि आल्यागेल्या बाया वधूपित्याकडे पाहून हळहळत होत्या. डीजेवाल्याला मी सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाकी काय वाजवायचं ते वाजवा, तेवढं एक नको. तो अनसिंगचाच माणूस, त्याला नवल वाटलं, पण मान हलवली. मग मी मागे जाऊन लसणाचं सूप पुढ्यात ओढलं.

चार गाणी झाली, पाच झाली. बाया ओरडायला लागल्या, "ते लाव ना, तिच्या बापाचं!" डीजेवाल्याने थोडा वेळ ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, सरळ माईक उचलून गावाला सांगितलं, "ते गानं घरच्यायनं मना केलं हाये."

मला मागे लसणाचं साल सुटल्याचाही आवाज येत होता.

मग मुलीचा आवाज आला. "मोठीआई, आता तरी हो म्हण ना. माह्या बापाचं हाये."

"मंग लाव ना," जाऊ म्हणाली. "मले काय इचारतं? कोन नाही म्हनलं?"

"तूच नं. आई म्हने, तुले चालत नाही."

जावेच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज मागच्या दाराकडे येत गेला. ती दारात उभी राहिली, हळद कालवून मनगटापर्यंत भरलेले हात अंगापासून लांब धरून. तिच्या मागे दोन-तीन बाया होत्या, आणि त्यांच्या मागून मुलगी, पाटावरून उठून आलेली.

"म्या कवा म्हनलं वं?" जाऊ म्हणाली.

मी पुढचा लसूण सोलायला घेतला.

"माह्या पोरीच्या हयदीत कोनं लावाले लावलं होतं ते गानं? म्याच नं? पुन्हा पुन्हा लावाले लावलं. तुले मांगं आयकू येत नव्हतं काय?"

"येत होतं," मी म्हणाले.

"कोन गात होतं त्याच्यात?"

"तो."

"अन् ध्रुपदाले?"

तोंडातून इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली. मी म्हणाले, "अकोल्याची बाई."

जाऊ चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती दाराच्या चौकटीला पाठ टेकवून खाली बसली, हात तसेच वर धरून. "नवी आली तवा तू वावरात माह्या बाजूच्या तासात निंदत होती. दिवसभर गात होती. मले काय आवाज ओयखू येत नाही? मामंजी होते, म्हनून बोलली नाही. मंग तो गेला, अन् तुनं तोंडच बंद केलं. म्या म्हनलं, हिले नसंल सांगाचं तं कायले खोदाचं." तिने मनगटानेच केस मागे सारले. "माह्या पोरीच्या हयदीत तू इथंच लसून सोलत बसली होती. म्या बलावलं तं आली असती काय? हात नाही लागला तुहा, तं आवाज तरी लागो, म्हनून लावलं होतं म्या ते."

मला आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली आहे, पण त्या दुपारी जशी वाटली तशी कधीच नाही. जिच्या नावावर मी माझा भित्रेपणा खपवला, तिने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या पोरीसाठी माझा आवाज मुद्दाम मागून घेतला होता आणि कुणाला बोलली नव्हती. मी तिला खडूस समजत राहिले. समजत राहिले म्हणण्यापेक्षा, ते मला सोयीचं होतं. मान वर करून मुलीकडे पाहायची माझी हिंमत होईना.

जाऊ उठली आणि तिने त्याच भरल्या हाताने माझं मनगट धरलं. मी म्हणाले, "बाई, नको. लोक काय म्हनतीन?" ती म्हणाली, "म्हनू दे." मांडवात येता येता तिने डीजेवाल्याला हातानेच खूण केली. एका म्हाताऱ्या बाईने मला पाटाजवळ पाहून पदर सावरला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या एकीने तिला कोपर मारलं. बाकीच्या नुसत्या पाहत होत्या.

गाणं लागलं. तो गायला लागला, चौतिशीच्याही अलीकडचा, ऐन उमेदीतला. ध्रुपद आलं, आणि त्या दोन बायांचे आवाज थांबल्यावर तिसरा एकटाच पुढे जात राहिला. जाऊ मोठ्याने म्हणाली, "हे पाहा तुमची अकोल्याची बाई," आणि माझा हात वर केला. मुलगी आधी स्पीकरकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहायला लागली. पुन्हा पाटावर बसलेली, कपाळ कोरडंच, पहिली हळद अजून लागायची होती. मी हळदीत बोटं बुडवली आणि तिला लावली. हळद भुवईवर उतरली.

पुन्हा ध्रुपद आलं. या वेळी सगळ्या पोरी सूर ओढायला लागल्या. मुलगी मला म्हणाली, "तू पन."

मी तोंड उघडलं. घोगरा, फाटका असा काहीतरी आवाज निघाला आणि अर्ध्यातच मोडला. मी खोकल्यासारखं केलं. स्पीकरमधल्या त्या बाईचा दम अजून टिकलेला होता.

मुलगी हसली नाही. ती पुढे वाकली, आणि बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्या कानाशी म्हणाली, "इतके दिवस मले वाटे, बाबाचाच तेवढा आवाज राह्यला. तुहा तं घरातच होता. मंग मले झोपवतानी कधी काहून नाही गायली वं, आई?"

मी तिच्या गालांना हळद लावत राहिले. लावून झाली होती, तरी लावत राहिले.